वाचकांचे प्रश्न : फॉर्म भरला, तरी बटण बंदच

प्रश्न : चादरी-टॉवेलच्या घाऊक ऑर्डरी घेणारं अँड्रॉइड ॲप लिहितोय. नाव, मोबाइल, पिनकोड आणि जीएसटी क्रमांक असे चार रकाने आहेत, त्यांपैकी जीएसटी ऐच्छिक. चारही रकान्यांचे प्रवाह (एकामागून एक येणारी मूल्यं) आरएक्सजावा या लायब्ररीच्या कम्बाइनलेटेस्टने जोडले आहेत. बाकीचे तीन बरोबर भरले तरी ‘ऑर्डर द्या’ बटण बंदच राहतं. जीएसटीत एक अक्षर टाकून खोडलं, की लगेच चालू होतं!
– एक वाचक, अक्कलकोट रस्ता, सोलापूर

उत्तर : खोडल्यावर चालू होतं, यातच उत्तर आहे. प्रत्येक प्रवाहाकडून निदान एक मूल्य आल्याशिवाय कम्बाइनलेटेस्ट काहीच पुढे सोडत नाही. ग्राहकाने जीएसटीला हात लावला नाही, की तो प्रवाह मुका राहतो आणि उरलेले तिघे त्याच्यासाठी खोळंबतात. रकाने आरएक्सजावाला जोडणाऱ्या आरएक्सबाइंडिंग लायब्ररीचं टेक्स्टचेंजेस खरं तर जोडल्याबरोबर रकान्यातला मजकूर एकदा पाठवतं, रिकामा असला तरी. म्हणजे तुमच्या कोडात बहुधा ते पहिलं मूल्य वगळणारं स्किपइनिशियलव्हॅल्यू असणार. स्क्रीन उघडताच चारही रकाने लाल दिसू नयेत म्हणून ते घातलं जातं.

ते काढा. रकाना वैध आहे का आणि चूक आत्ता दाखवायची का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वैधता पहिल्या क्षणापासून मोजा, लाल ओळ मात्र त्या रकान्यातून फोकस एकदा बाहेर गेल्यावरच दाखवा.

जीएसटीचा नियम असा ठेवा : रिकामा चालेल, भरला तर १५ अक्षरं हवीत. पहिली २ राज्याची, पुढची १० पॅनची आणि शेवटचं तपासणीचं. आधी मोकळ्या जागा काढा, अक्षरं कॅपिटल करा, मग तपासा. महाराष्ट्राचा २७ पक्का बसवू नका. विजयपूर-कलबुर्गीचा व्यापारी २९ने, हैदराबादचा ३६ने सुरू होणारा क्रमांक देईल. तसंच पिनकोड सोलापूरच्या ४१३नेच सुरू व्हावा असा नियम नको. विजयपूरचा ५८६ने सुरू होतो.

मोबाइलच्या रकान्यात मराठी कीबोर्डवरून किंवा चिकटवलेल्या मेसेजमधून देवनागरी अंक येतात. कॉटलिन भाषेतलं इझडिजिट हे फंक्शन त्यांनाही अंकच मानतं, म्हणून तपासणी पास होते आणि सर्व्हर मात्र क्रमांक नाकारतो. रेगेक्समधलं (मजकुराचा साचा तपासणाऱ्या नियमातलं) बॅकस्लॅश-डी हे अंकाचं चिन्ह तर आणखी फसवं आहे : फोनवर ते ‘९’ स्वीकारतं, संगणकावर जावाच्या युनिट टेस्टमध्ये नाही. म्हणून तपासण्याआधी कॅरेक्टर-डिजिटने प्रत्येक अंक इंग्रजी करून घ्या, सुरुवातीचा +९१ काढा, मग १० अंक आणि पहिला ६ ते ९, एवढंच पाहा.

प्रश्न : जीएसटी क्रमांक आधी नोंदलेला आहे का, हे ४०० मिलिसेकंदांच्या डिबाउन्सनंतर (टायपिंग थांबेपर्यंत वाट पाहून) फ्लॅटमॅपमधून सर्व्हरला विचारतो. कधी जुन्या क्रमांकाचं उत्तर नव्यावर चिकटतं. शिवाय नेट एकदा गेलं, की तपासणी पुन्हा सुरूच होत नाही.
– एक वाचक, होटगी रस्ता, सोलापूर

उत्तर : फ्लॅटमॅप जुनी विनंती सोडत नाही, त्यामुळे उशिरा आलेलं उत्तर शेवटी बसतं. तिथे स्विचमॅप वापरा, ते नवं मूल्य आलं की जुनी विनंती रद्द करतं. दुसरं, आरएक्समध्ये एक चूक वर पोहोचली की सगळा प्रवाहच संपतो. चुकीऐवजी ठरलेलं मूल्य देणारं ऑनएररिटर्न स्विचमॅपच्या आतल्या विनंतीला लावा. बाहेर लावलं तर एक शेवटचं मूल्य देऊन प्रवाह तरीही संपेल.

तिसरा दोष तुम्हाला अजून दिसला नसेल. त्या ४०० मिलिसेकंदांत क्रमांक बदललेला असतो, पण आधीचं ‘ठीक’ तसंच असतं आणि बटण दाबता येतं. म्हणून डिबाउन्स बाहेरून काढा. स्विचमॅपच्या आत आधी ‘तपासत आहे’ ही स्थिती लगेच पाठवा, मग ४०० मिलिसेकंद थांबा, मग विनंती करा. नवं अक्षर आलं की हे सगळंच रद्द होतं, म्हणजे डिबाउन्सचं कामही झालं. कॉटलिन फ्लोमध्ये (कॉटलिनची प्रवाहांची स्वतःची सोय) हेच फ्लॅटमॅपलेटेस्ट आणि डिलेने जमतं; फक्त तिथे सरसकट एक्सेप्शन पकडू नका, आयओएक्सेप्शनच (नेट जाण्यासारखी चूक) पकडा, नाहीतर रद्द होण्याचा इशाराही गिळला जाईल. आरएक्समध्ये हे थांबणं कॉम्प्युटेशन थ्रेडवर होतं, तेव्हा बटणाला हात लावण्याआधी ऑब्झर्व्हऑनने स्क्रीन हाताळणाऱ्या मेन थ्रेडवर या, नाहीतर ॲप कोसळेल.

नेट नसेल तर ‘तपासता आलं नाही’ अशी वेगळी स्थिती द्या आणि बटण अडवू नका. ऑर्डर नोंदवताना सर्व्हरने तोच क्रमांक पुन्हा तपासायलाच हवा, कारण मधल्या वेळात तो दुसऱ्या फोनवरून नोंदला गेलेला असू शकतो.