हवेवर उभा राहणारा शॉवर विकत घेताना

रसायन अंगावर पडलेल्या माणसाचे कपडे आधी उतरवा, कारण बहुतेक रसायन कपड्यांबरोबरच निघून जातं, असं मी गेल्या वेळी लिहिलं होतं. त्यावर सांगली-साताऱ्यातून पत्रं आली. बऱ्याच जणांचा प्रश्न एकच होता: अशा माणसांना धुण्यासाठी फुगवून उभा करायचा, गाडीतून नेता येणारा शॉवर-तंबू घ्यावा का, आणि घ्यायचा तर कोणता?

कुपवाडला आमचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे, थंडाव्याचा प्लांट अमोनियावर चालतो. विक्रेत्याने दोन तंबू दाखवले. एक ब्लोअरवर सतत फुगत राहणारा, दुसरा नळ्यांत एकदा हवा भरून झडपा बंद करायचा. कोणता बरा?

दुसरा. अमोनियाची गळती झाली की आधी मेन स्विच पाडावा लागतो, कारण हवेत ठरावीक प्रमाणात मिसळलेला अमोनिया पेट घेतो. अशा वेळी ब्लोअरला वीज कुठून देणार? बंद नळ्यांचा तंबू बी.ए. सेटच्या, म्हणजे पाठीवरच्या श्वसनयंत्राच्या, सिलिंडरवरही फुगतो. हिशेब करून बघा. पंचवीस सेंटिमीटर व्यासाची नळी एकूण पंधरा मीटर धरली तर तिच्यात साडेसातशे लिटरच्या आसपास हवा मावते, थोडा दाब धरून हजार लिटर म्हणा. 6.8 लिटरच्या सिलिंडरमध्ये 300 बार दाबाने भरलेली हवा यापेक्षा बरीच जास्त असते. मात्र नळीच्या प्रत्येक कमानीचा हवेचा कप्पा वेगळा हवा, म्हणजे एक फाटली तरी बाकीच्या उभ्या राहतील. शिवाय जादा दाब सोडणारी झडप हवीच. मे महिन्यात सांगलीच्या उन्हात दुपारी आतली हवा किती फुगते, हे तिथल्या माणसाला सांगायला नको.

पण खरं सांगू? एकट्या प्लांटसाठी हा खर्च करू नका. कॉम्प्रेसर रूमच्या दाराबाहेर कायमचा सेफ्टी शॉवर आणि डोळे धुण्याचं भांडं बसवा. मिनिटाला सुमारे 76 लिटर पाणी, सलग पंधरा मिनिटं, असा त्याचा सर्वमान्य निकष आहे. तंबू उभा राहीपर्यंत डोळे वाट बघत नाहीत. तंबू घ्यायचाच असेल तर औद्योगिक वसाहतीतल्या आठ-दहा कारखान्यांनी मिळून घ्यावा आणि अग्निशमन केंद्रात ठेवावा.

आणखी एक गोष्ट कामगारांना आजच सांगून ठेवा. द्रव अमोनिया उणे 33 अंशाला उकळतो, त्यामुळे तो अंगावर उडाला की कपडा गोठून कातडीला चिकटतो. तो ओढायचा नाही. आधी भरपूर पाणी ओतायचं, सुटला की मग काढायचा.

मी साताऱ्याकडच्या एका नगरपालिकेत फायरमन आहे. महामार्गावर टँकर उलटला तर आम्हीच पहिले पोचतो. एका वेळी माणसांच्या तीन रांगा धुता येतील असा मोठा तंबू मागावा का? पाणी पुरेल?

मोठा मागू नका. रात्रपाळीला गाडीवर किती माणसं असतात ते तुम्हालाच ठाऊक. तीन-चार जणांना उचलून दहा मिनिटांत उभा करता येईल, एवढाच घ्या. विक्रेत्याचं प्रात्यक्षिक त्याच्या माणसांकडून बघू नका. तुमची माणसं, तुमची गाडी आणि रात्रीची वेळ असू द्या. खंबाटकीच्या वाऱ्यात तो खुंट्यांवर आणि दोरांवर टिकतो का, तेही बघा.

पाण्याचं म्हणाल तर एक रांग मिनिटाला चाळीस लिटर घेते असं धरा. 4500 लिटरचा बंब तिला जवळपास दोन तास पुरेल. तीन रांगा लावल्या तर चाळीस मिनिटांतच संपेल. पाणी जोरात नको, सौम्य आणि भरपूर हवं. जोराच्या माऱ्याने रसायन कातडीत घुसतं. परदेशी बनावटीच्या तंबूचं तोंड आपल्या पाइपच्या 63 मिलिमीटरच्या कपलिंगला (जोडाला) जुळत नाही, ही चूक मी प्रत्यक्ष पाहिली आहे. महागडा तंबू अॅडॅप्टरसाठी पडून होता. खरेदीच्या अटीतच ते लिहा. महाबळेश्वर-पाचगणीकडे जावं लागत असेल तर वॉटर हीटरही मागा. जानेवारीच्या रात्री ओल्या, उघड्या माणसाला थंडीच गाठते.

तंबू येईपर्यंत थांबायचं नाही. दोन बंब समोरासमोर काही अंतरावर लावा, फवाऱ्याचे ब्रँच, म्हणजे पाइपची तोटी, आतल्या बाजूला वळवा आणि माणसांना मधून चालवा. हे सगळं टँकरपासून वारा येतो त्या अंगाला आणि चढावर. पण टँकरच्या पाटीवरचा यूएन नंबर, म्हणजे आत कोणतं रसायन आहे ते सांगणारा आकडा, त्याआधी वाचा.

साखर कारखान्यात चुन्याची भुकटी अंगावर पडली तर हाच शॉवर चालेल?

चालेल, पण आधी कोरड्या ब्रशने किंवा कापडाने भुकटी झटका, कपडे काढा. कळीच्या चुन्यावर थोडंसं पाणी पडलं की तो तापतो. झटकून झालं की मात्र पाण्यात कंजूषी नको.

मिरजेच्या एका रुग्णालयात मी परिचारिका आहे. आमच्याकडे धुतलेलेच रुग्ण येतील ना? आणि बायकांचं काय?

ताई, तसं धरून चालू नका. 1995 मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरिन वायू सोडला गेला, तेव्हा कितीतरी माणसं चालत, टॅक्सीने थेट रुग्णालयात पोचली, आणि त्यांच्या कपड्यांतून निघालेल्या वाफेने डॉक्टर-परिचारिकांनाही त्रास झाला. आपल्याकडेही शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर बसूनच माणूस येणार. तासगावकडचा द्राक्षबागेत फवारणी करताना विषबाधा झालेला शेतकरी तुम्ही पाहिलाच असेल; त्याचा ओला सदराही तसाच धोका.

रुग्णालयाने फुगवायच्या तंबूऐवजी कॅज्युअल्टीच्या दाराबाहेर भिंतीला पाइप, त्याला चार शॉवर आणि पडदे लावावेत. ते स्वस्त पडतं आणि क्षणात सुरू होतं. बायकांसाठी वेगळी रांग, पूर्ण अपारदर्शक पडदा, आत स्त्री कर्मचारी आणि बाहेर पडताच हातात गाऊन, एवढं हवंच. लाजेमुळे बाई ओले कपडे अंगावर ठेवते आणि विष भिनत राहतं. मोबाइल, मंगळसूत्र, पैसे नाव लिहिलेल्या पिशवीत ठेवा. ते परत मिळतील याची खात्री पटली की माणसं लवकर कपडे उतरवतात.

धुतलेलं पाणी कुठं सोडायचं?

सांगलीचं सांडपाणी नेणारा शेरी नाला कृष्णेला कुठं मिळतो, हे सांगलीकर जाणतात. म्हणून तळाला कठडा असलेला हौद, उपसायचा पंप आणि घडीची टाकी तंबूबरोबरच घ्या. पण टाकी जोडायला वेळ लागतोय म्हणून कुणाला धुवायचं थांबवू नका. आधी माणूस धुवा, पाणी गटारात गेलं तर नगरपालिकेला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला लगेच कळवा. साठवलेलं पाणी चाचणीशिवाय ओतू नका. तंबू मात्र पूर्ण वाळवूनच घडी घाला. ओल राहिली तर पुढच्या पावसाळ्याआधीच शिवणींना बुरशी धरते.