औषधांच्या वॉलेटमध्ये ४० हजार आधीच भरावेत का?

ठाण्यात घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरी सासरे ७४ वर्षांचे, सासूबाई ६८ च्या, दोघांची कायमची औषधं. एमआरपीने धरलं तर महिन्याला ६,४०० रुपयांची औषधं आणि वर मोठ्यांचे डायपर, प्रोटीन पावडर, साबण-शाम्पू असं २,६०० चं सामान. सोसायटीखालचा मेडिकलवाला औषधांवर १० टक्के सोडतो. आता एका मोठ्या औषधसाखळीने ऑफर दिली आहे : वर्षाला १,२०० भरून सभासद झालात तर औषधांवर १८ टक्के सूट, बाकीच्या सामानावर पॉइंट आणि वॉलेटमध्ये ४०,००० भरले तर ४२,००० जमा. नणंद न्यू जर्सीत असते, ती कूपनांवर बरेच पैसे वाचवते, त्यामुळे ताईंनाही वाटतंय की आपणच मागे का? हे ४०,००० त्या अडीअडचणीसाठी ठेवलेल्या १,१०,००० च्या एफडीतून काढणार आहेत. काढावेत का?

ताई, एफडी मोडू नका. सभासदत्वाचं नंतर बघू. तुम्ही बिलाचा फोटो पाठवलात ते बरं केलंत, कारण सुटीच्या टक्क्यांपेक्षा मोठी रक्कम त्या बिलातच दडली आहे.

पण आधी तुमच्या ऑफरचा हिशोब सरळपणे मांडतो. आज ६,४०० वर १० टक्के म्हणजे ६४० रुपये सुटतात. १८ टक्क्यांनी १,१५२ सुटतील. फरक ५१२ चा. सभासदत्वाचे महिन्याला १०० पडतात, ते वजा केले की ४१२ उरतात, म्हणजे वर्षाला पाच हजारांच्या आत-बाहेर. हे काही थोडे नाहीत, आणि मी त्यांना नाक मुरडणार नाही.

वॉलेटचंही गणित कागदावर तुमच्याच बाजूने आहे. महिन्याला साधारण ७,८५० खर्च होतील, म्हणजे ४२,००० सव्वापाच महिने पुरतील. पैसे हळूहळू संपत जाणार, त्यामुळे एफडीचं व्याज साडेसहा टक्के धरलं तरी बुडणारं व्याज जेमतेम ६०० रुपये. मिळतात २,०००. मग मी नको का म्हणतो? कारण ज्या दुकानात भरले त्याच दुकानात वापरायचे, अशा वॉलेटला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही, ते तिच्या देखरेखीखाली येत नाही आणि त्यातून रोख काढता येत नाही. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं कवच असतं, इथे ते नाही. आणि सासऱ्यांना उद्या रात्री दोन वाजता ॲडमिट करावं लागलं तर हॉस्पिटलच्या काउंटरवर हे ४२,००० चालणार नाहीत. एफडी मोडून आलेले पैसे चालतील. शिवाय १८ टक्के हे आजचे टक्के आहेत. अटींमध्ये ‘पूर्वसूचनेशिवाय बदल’ लिहिलेलं असतंच. पैसे आत अडकलेले असताना १८ चे १२ झाले तर तुम्ही काय करणार?

आता बिल. तिसऱ्या ओळीत सासऱ्यांची एम्पाग्लिफ्लोझिनची, म्हणजे साखरेवरची गोळी आहे, मूळ कंपनीची. दहा गोळ्यांची स्ट्रिप ५९० रुपये, महिन्याला तीन स्ट्रिप, म्हणजे १,७७०. या औषधाचं भारतातलं पेटंट मार्च २०२५ मध्ये संपलं. त्यानंतर नावाजलेल्या भारतीय कंपन्यांच्या त्याच औषधाच्या गोळ्या बाजारात आल्या आणि साठच्या आसपास असलेली गोळी दहा-पंधरा रुपयांना मिळू लागली. बारा रुपये धरा : महिन्याला ३६०. दहा टक्के सूट दोन्हीकडे धरूनही १,२६९ रुपये वाचतात. म्हणजे ज्या ४१२ साठी तुम्ही सभासद व्हायला निघालात, त्याच्या तिप्पट. याआधी सिटाग्लिप्टिन या साखरेच्याच औषधाचंही असंच झालं होतं. त्याचं पेटंट २०२२ मध्ये संपलं आणि भाव कोसळले. पण जुन्या प्रिस्क्रिप्शनवर वर्षानुवर्षं तीच गोळी चालू राहते, कारण डॉक्टरांना कुणी विचारत नाही आणि मेडिकलवाला स्वतःहून सांगत नाही.

त्याने सांगितलं तरी तो परस्पर बदलून देऊ शकत नाही, हेही लक्षात घ्या. शेड्यूल एचमधल्या, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधाचं जे नाव प्रिस्क्रिप्शनवर आहे तेच द्यायचं, घटक तोच असला तरी दुसरं नाही, असा औषध नियम आहे. तेव्हा पुढच्या तपासणीला जाताना गोळ्यांची यादी आणि त्यांच्या किमती एका कागदावर लिहून न्या आणि डॉक्टरांना सरळ विचारा, ‘यातलं काय स्वस्तात चालेल, आणि तसं लिहून द्याल का?’ बहुतेक डॉक्टर लिहून देतात. काही ठिकाणी नाही म्हणतील, तिथे हट्ट धरू नका. सासूबाईंची थायरॉइडची गोळी मुळातच स्वस्त आहे. तिची कंपनी दोन-चार रुपयांसाठी सारखी बदलू नये. बदललीच तर सहा-आठ आठवड्यांनी रक्तातला टीएसएच (थायरॉइडची तपासणी) तपासावा लागतो, त्यात वाचलेले पैसे जातात.

मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन, अ‍ॅटोर्वास्टॅटिन आणि कॅल्शियम हे चौघं मात्र बिनधास्त जनऔषधी केंद्रात विचारण्यासारखे. तुमच्या बिलात त्यांचे १,९०० होतात. २००८ मध्ये सुरू झालेल्या या सरकारी योजनेतल्या किमती ब्रँडेड औषधांच्या मानाने सर्वसाधारणपणे ५० ते ८० टक्के कमी असतात. मी कमीत कमी, म्हणजे निम्मीच किंमत धरतो : ९५०. आज सूट वजा जाता तुम्ही १,७१० देता, म्हणजे ७६० वाचले. ‘जनऔषधी सुगम’ हे ॲप मोबाइलवर घेतलंत तर जवळचं केंद्र सापडतं आणि किमतींची तुलनाही दिसते. त्रास एवढाच की माल नेहमी शिल्लक असेलच असं नाही, म्हणून औषध संपायच्या आठ-दहा दिवस आधी चक्कर मारायची.

दोन्ही मिळून महिन्याला दोन हजारांच्या वर वाचले, एकही कूपन न फाडता. आणि आता गंमत बघा. मेडिकलमधून घ्यायची औषधं ६,४०० वरून ३,०९० वर आली. त्यावर सभासदत्वाची जादा आठ टक्के सूट २४७ रुपये, १०० वजा केले की १४७. तुमच्या ४१२ चे १४७ झाले. टक्के तेवढेच राहिले, खालची रक्कम आटली.

सूट कुठून येते हाही प्रश्न तुम्ही विचारला आहे. सरकारने कमाल किंमत ठरवलेल्या औषधांत किरकोळ विक्रेत्याचा नफा १६ टक्के धरलेला असतो, बाकीच्या औषधांत साधारण २०. तेव्हा १८ टक्के सोडणारा धर्मादाय करत नाही. मोठी खरेदी करून कंपन्यांकडून त्याला जादा सवलत मिळते, आणि उरलेलं तो स्वतःच्या ब्रँडच्या व्हिटॅमिन, प्रोटीन पावडर आणि साबणावर भरून काढतो. पॉइंट नेमके तिथेच देतात! तुमच्या ऑफरच्या बारीक अक्षरांत ते आहेच : पॉइंट ६० दिवसांत संपतात आणि औषधांच्या बिलाला चालत नाहीत. म्हणजे पॉइंट वाया जाऊ नयेत म्हणून आणखी एक डबा घ्यायचा. मी हे पॉइंट हिशोबात शून्य धरले आहेत, तुम्हीही धरा.

नणंदेचं कौतुक करा, पण तिचा हिशोब इकडे आणू नका. अमेरिकेत पाकिटावर एमआरपी छापलेली नसते. तिथे एकाच शाम्पूवर कंपनीचं कूपन, दुकानाचं कूपन आणि वर पुढच्या खरेदीसाठीचं बक्षीस असं एकावर एक लावता येतं. सीव्हीएस या तिथल्या औषधसाखळीच्या हातभर लांब पावत्यांवर तिथले लोक विनोद करतात ते याच कूपनांमुळे. प्रिस्क्रिप्शनच्या औषधांचा खेळ तिथे विम्यावर चालतो. म्हाताऱ्यांच्या सरकारी मेडिकेअर विम्याबरोबर औषधकंपन्यांची कूपनं वापरताच येत नाहीत. म्हणजे ज्यांच्यासाठी तुम्ही ऑफर घेताय, त्यांच्या औषधांना ही कूपनं तिथेही फारशी उपयोगी पडली नसती.

डायपरचं मात्र ऑनलाइन बघाच. सूट किती हे न बघता एका नगाला किती पडतात ते बघा. पाकिटावर नगाची किंवा ग्रॅमची किंमत आता छापलेली असते. महिन्याचं मोठं पाकीट जिथे स्वस्त, तिथून घ्यायचं, मग दुकान कुठलंही असो.

खालच्या मेडिकलवाल्याबद्दल तुम्ही एक ओळ लिहिली आहे आणि पुढे निघून गेलात : एप्रिलमध्ये डॉक्टरांनी डोस बदलला तेव्हा त्याने न फोडलेल्या दोन स्ट्रिप परत घेतल्या. याची किंमत धरा. सहा महिन्यांची औषधं सुटीत भरून ठेवली आणि महिनाभरात गोळी बदलली तर अख्ख्या वर्षाची सूट कपाटात पडून राहते. साखरेच्या आणि बीपीच्या औषधांत डोस बदलणं नेहमीचंच. म्हणून साठा एका महिन्याचा, फार तर दीड. रात्री नातवाला ताप आला तर उघडं असतं ते त्याचंच दुकान, हे मी ठाणेकराला वेगळं सांगायला नको. त्याच्याशी एकदा बोलून बघा, ‘महिन्याचं सगळं एकदम घेते, बारा टक्के कर.’ मिळाले तर साखळीच्या त्या १४७ मधले साठेक रुपये इथेच निघाले.

आता जे तुम्ही विचारलंच नाही, पण ज्यात सभासदत्वापेक्षा जास्त पैसे आहेत. सासू-सासऱ्यांचा मेडिक्लेम नाही, वयामुळे कंपन्यांनी नाकारला, आणि गृहकर्जामुळे तुमचे यजमान जुन्या करपद्धतीत आहेत असं तुम्ही लिहिलंय. साठीच्या पुढच्या, आरोग्य विमा नसलेल्या आई-वडिलांच्या वैद्यकीय खर्चावर मुलाला वर्षाला ५०,००० पर्यंत वजावट मिळते. ८०डी म्हणतात ती हीच. औषधं, तपासण्या आणि डॉक्टरांची फी मिळून तुमचा आकडा तिथे सहज पोचतो. २० टक्क्यांच्या टप्प्यात सेससह १०,४०० रुपये कर वाचतो. पण आज हे बिल तुम्ही तुमच्या यूपीआयवरून देता, कधी रोखीत. ही सवलत स्वतःच्या आई-वडिलांसाठी असते, सासू-सासऱ्यांसाठी नाही, आणि रोख दिलेले पैसे त्यात धरत नाहीत. म्हणजे तुम्ही भरताय तोवर घरात कुणालाच काही मिळत नाही. पुढच्या महिन्यापासून बिल यजमानांच्या खात्यातून जाऊ दे, रुग्णाच्या नावाचं पक्कं बिल मागा आणि एका फाइलमध्ये लावत जा. यावर सीएचा एकदा होकार घ्या, कारण यजमान नव्या पद्धतीत गेले तर ही वजावट नाही.

तेव्हा क्रम असा : आधी डॉक्टरांची भेट, मग जनऔषधीची चक्कर, बिलं यजमानांच्या खात्यातून. दोन महिन्यांनी नवं बिल समोर ठेवा. मेडिकलमधून घ्यायची औषधं तेव्हाही चार हजारांच्या वर असतील आणि खालचा दुकानदार दहावरून हलत नसेल तर १,२०० भरून सभासद व्हायला माझी हरकत नाही. फक्त पैसे भरताना ‘ऑटो-रिन्युअल’ची खूण काढा आणि वॉलेट रिकामंच ठेवा.