ईआरपी घ्यायचं ठरलंय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न : कोल्हापूरजवळ आमची फाउंड्री आणि मशीन शॉप आहे. प्रायव्हेट लिमिटेड, उलाढाल साधारण १८ कोटी. तीन वर्षांत थेट निर्यात सुरू करायची आहे. ईआरपी (अकाउंट्स, पगार, प्रॉडक्शन एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) विकणारे म्हणतात, आधी अकाउंट्स आणि पगार बसवू, प्रॉडक्शन नंतर बघू. हा क्रम बरोबर आहे का?

उत्तर : निर्यात करायची असेल तर नाही. अकाउंट्स बसवायला सोपं, म्हणून ते आधी सुचवतात. ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल, ५ कोटींवरच्या उलाढालीला १ ऑगस्ट २०२३ पासून) आणि कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेला एडिट लॉग (हिशेबातल्या प्रत्येक बदलाची आपोआप राहणारी नोंद) ही कायद्याची गरज. सध्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ती भागत असेल तर त्याला तूर्त हात लावू नका.

एमआयटीच्या जॉन रॉकार्ट यांनी १९७९ मध्ये मांडलेली पद्धत तुम्हाला उपयोगी पडेल. धंदा ज्या मोजक्या गोष्टींवर टिकतो त्या आधी लिहायच्या, मग प्रत्येकीसाठी कोणती माहिती लागते ते ठरवायचं. तुमच्या बाबतीत पहिली गोष्ट हीटचा माग. हीट म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेला धातू. ऑडिटला आलेला ग्राहक एक कास्टिंग (ओतीव नग) उचलून विचारतो, हे कुठल्या हीटचं, तिचा केमिकल रिपोर्ट कुठे, त्याच हीटचे बाकीचे नग कुणाला गेले?

हा माग बहुधा फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग घासून साफ करताना तुटतो, कारण दोन हीटचे नग एकाच ट्रॉलीत पडतात. नाहीतर जॉबवर्कला, म्हणजे नग बाहेर कामाला पाठवताना, कारण चलनावर नुसती संख्या असते. आधी शॉपवरची ही शिस्त लावा. सॉफ्टवेअर ती लावून देत नाही. मशीन शॉपमधल्या रिजेक्शनच्या प्रत्येक नोंदीत हीट नंबर आणि कारण हवंच. ब्लोहोल (वायूमुळे धातूत राहिलेली पोकळी) दिसतो मशीनिंगमध्ये, पण त्याचं मूळ मोल्डिंगमध्ये किंवा ओतकामात असतं. हीट नंबर नसेल तर दोष मशीन शॉपवर येतो आणि साच्याची वाळू तशीच राहते.

आयटम मास्टर (सगळ्या नगांची नावं आणि कोड यांची यादी) स्वच्छ करण्यात कंजुषी नको. कच्चं कास्टिंग आणि मशीन केलेला नग यांना वेगळे कोड द्या, एकाच नगाची तीन नावं असतील तर दोन काढून टाका. मग एकच ग्राहक, त्याचे चार-पाच नग घेऊन महिनाभर रजिस्टर आणि सिस्टिम दोन्ही चालवा. नोंद कामाच्या जागीच, त्याच पाळीत व्हावी. संध्याकाळी आठवून भरलेले आकडे जुळत नाहीत. जबाबदारी अकाउंटंटकडे नको, वर्क्स मॅनेजरकडे द्या. करार करताना सगळा डेटा एक्सेलमध्ये काढून घेण्याचा हक्क लेखी घ्या.