गावच्या घरात गीझर, चिमणी, डिशवॉशर, आरओ सगळं एकदम बसवायचंय. सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: देवगड तालुक्यात वडिलोपार्जित चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) घर, पुढे कौलारू, मागे स्वयंपाकघर-न्हाणीवर स्लॅब, स्लॅबवर टाकी. नळाला धार बारीक, जुने लोखंडी पाईप. आईवडील आता कायमचे तिथे राहायला जाणार, म्हणून गणपतीच्या आत चारही वस्तू ऑनलाइन मागवून कंपनीचा माणूस बोलावून बसवून घ्यायच्या.

मागवू नका. निदान अजून नाही. मी इथलाच, स्वतःच्या घराबरोबर मुंबईकर नातेवाइकांच्या घरांचीही देखभाल बघतो. दरवर्षी एकच प्रकार दिसतो: खोकी पडवीत येऊन पडतात, कंपनीचा माणूस येतो, 'साइट रेडी नाही' म्हणतो आणि जातो. त्याचीही चूक नाही. त्याला शहरातला फ्लॅट माहीत असतो, जिथे विटांची किंवा काँक्रीटची भिंत असते, प्रेशरचं पाणी असतं, अर्थिंग बिल्डरने केलेलं असतं. आपल्याकडे या तिन्ही गोष्टी आपणच करून ठेवायच्या असतात. तेव्हा आधी गावातला प्लंबर, मग वायरमन, मग गवंडी, आणि सगळ्यात शेवटी कंपनीवाला.

धारेपासून सुरू करा. पहिलं काम फुकटचं: नळाच्या तोंडाची जाळी फिरवून काढा. विहिरीच्या पाण्यातला तांबडा गाळ तिथे साठलेला असतो. जाळी काढल्यावर धार सुधारली तर तेवढ्यावर भागलं. नाही सुधारली तर टाकीचा तळ आणि नळाचं तोंड यांतली उंची मोजा. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो. टाकी थेट स्लॅबवर आणि नळ ओट्यावर, म्हणजे फरक जेमतेम दोन मीटर, दाब ०.२ बार. बऱ्याच डिशवॉशरना किमान ०.३ ते ०.५ बार लागतो. पुस्तिकेत लिहिलेलं असतं, विकत घेण्याआधी वाचा. कमी दाबावर मशीन 'पाणी नाही' असा एरर दाखवून थांबतं आणि मग लोक मशीनला शिव्या देतात.

यावर दोन उपाय. एक म्हणजे टाकी वर घेणं. पण ५०० लिटरची टाकी भरली की पाण्याचंच वजन ५०० किलो, त्यामुळे चौथरा भिंतींच्या डोक्यावर यायला हवा, स्लॅबच्या मधोमध नको. लोखंडी अँगलचं स्टँड खाऱ्या वाऱ्यात लवकर गंजतं, चिऱ्याचा किंवा काँक्रीटचा चौथरा बरा. दुसरा उपाय छोटा प्रेशर पंप. तो टाकीच्या नंतर बसवायचा. ग्रामपंचायतीच्या नळाला थेट पंप लावायचा नाही. ते नियमात बसत नाहीच, शिवाय लाईन कुठे फुटलेली असेल तर गटाराचं पाणी ओढून घरात आणतो.

पण त्याआधी पाईप. तुमच्या लोखंडी पाईपचा एक तुकडा कापून आत बघा. आपल्या जांभ्याच्या जमिनीतलं पाणी बहुधा मऊ आणि जरा आम्लधर्मी असतं, ते जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप आतून खातं. बाहेरून अर्धा इंची दिसणाऱ्या पाईपात गंजाचे फोड वाढून जेमतेम शिसपेन्सिल जाईल एवढं भोक उरलेलं मी बघितलंय. तशा पाईपवर प्रेशर पंप लावलात तर सांधे फुटतील. सगळं काढून सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लास्टिक पाईप) टाका. टाकीतून उतरणारी मुख्य लाईन एक इंची, ओट्यामागे पाऊण, नळापाशी अर्धा. सगळीकडे अर्धा इंची टाकून पैसे वाचवणारा प्लंबर नको. गरम पाण्याला पांढरा यूपीव्हीसी चालत नाही, सीपीव्हीसीच लागतो, आणि त्याचं सांधे चिकटवायचं सोल्युशनही वेगळं येतं, ते दुकानात सांगून घ्या. नळ, अँगल कॉक जिथे बसणार तिथे पितळी आट्यांचं फिटिंग घ्या. प्लास्टिकच्या आट्यात धातूचा नळ आवळला की आज ना उद्या तडकतं. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने, म्हणजे टोक स्वतःकडे धरून घड्याळाच्या काट्यासारखी गुंडाळायची. उलटी गुंडाळली तर आवळताना सुटत जाते.

लाईन टाकताना मध्ये कुठे कमान येऊ देऊ नका. कमी दाबाच्या लाईनीत उंचवट्यावर हवा धरते आणि टाकी भरलेली असून नळ कोरडा राहतो. टाकीच्या आउटलेटनंतर लगेच एक उभा एअर पाईप काढून ठेवावा, तोंड टाकीच्या वर. स्लॅबवरचा उघडा पाईप उन्हाने ठिसूळ होतो आणि त्यावर वानर उड्या मारतात, तेव्हा रंग लावा आणि क्लॅम्प जवळजवळ मारा.

आता भिंत, कारण गीझर तिथेच अडतो. २५ लिटरचा गीझर भरला की पाणी नि टाकी मिळून ३५ किलोच्या आसपास जातो. कंपनीवाला हॅमर ड्रिल लावतो, बिट लोण्यात गेल्यासारखं आत जातं, खाली तांबड्या भुकटीचा ढीग पडतो, त्याला वाटतं झालं. मग फास्टनर (भोकात फुगून पकडणारा बोल्ट) घालून आवळायला लागतो आणि तो नुसता गरागरा फिरत राहतो. जांभा सच्छिद्र असतो, फास्टनर फुगला की आजूबाजूचा दगडच चुरतो. आणि जुन्या घरात चिऱ्यांचा जोड मातीचा, तिथे तर पकड नाहीच. आमचा प्लंबर अशी भिंत नुसती हाताने थापटून सांगतो, "ह्या भितीत बोल्ट रवचो नाय," म्हणजे टिकणार नाही. उत्तम उपाय आरपार बोल्ट: भिंतीच्या पलीकडून लोखंडी पट्टी, गंजरोधक रंग मारलेली, आणि त्यातून बोल्ट. तसं जमत नसेल तर चार इंचांचा चौकोनी खड्डा खोदून, धुऊन, वाकवलेल्या टोकाचा बोल्ट काँक्रीटमध्ये गाडायचा आणि आठवडाभर पाणी मारायचं. गवंड्याचं हे काम खोकं यायच्या आधीच व्हायला हवं. बोल्टांमधलं अंतर मॉडेलच्या नकाशावरून घ्या, अंदाजाने नको.

'८ बारची टाकी' म्हणून महागडा गीझर गळ्यात मारतील. ती उंच इमारतींसाठी. बैठ्या घराला तिचा काही उपयोग नाही. पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडतात ते बिघाड नाही, पाणी फुगतं म्हणून पडतात. तो व्हॉल्व्ह बंद करून टाकणारे महाभाग आहेत, त्यांच्यापासून सावध. आणि गरम नळातून पाण्याची सलग धार येईपर्यंत बटण दाबायचं नाही, नाहीतर कॉइल जळते.

वीज. २ किलोवॅटचा गीझर ९ अँपिअरच्या आसपास घेतो, डिशवॉशरमध्येही हीटर असतो. दोघांना वेगवेगळी लाईन, किमान २.५ स्क्वेअर एमएमची वायर, १६ अँपिअरचा सॉकेट. वीजबिलावरचा मंजूर भार बघा, जुन्या घरांचा फार कमी असतो, वाढवून घ्या. अर्थिंग मात्र कुणाच्या शब्दावर सोडू नका, वायरमनकडून अर्थ टेस्टरने मोजून घ्या. तुमचं घर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर असेल तर खाली कातळ, उन्हाळ्यात ओल नाही, अर्थिंग नावापुरतं उरतं. कोळसा-मीठ घालून खोल खड्डा करून घ्या आणि मार्चपासून त्यात पाणी ओता. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाईन तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय म्हाताऱ्या माणसांच्या न्हाणीत गीझर चालू करू नये असं माझं ठाम मत आहे. वळवाच्या विजा कडाडायला लागल्या की सगळ्या पिना उपटून ठेवा. मशीनचं इलेक्ट्रॉनिक कार्ड जळलं तर वॉरंटी बहुधा हात वर करते.

आरओ बहुतेक लागणार नाही. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचा मीटर काही शे रुपयांत मिळतो, मोजा. भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १०५००) लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत टीडीएस असलेलं पाणी चांगलं, आणि जांभ्यातल्या विहिरींचं पाणी सहसा त्याच्या खूप खाली असतं. अशा पाण्याला आरओ लावणं म्हणजे मे महिन्यात विहीर तळाला गेलेली असताना एक लिटर प्यायला दोन-तीन लिटर ओतून देणं. यूव्ही (जंतू मारणारा अतिनील प्रकाश) आणि यूएफ (बारीक छिद्रांची गाळणी) पुरे. अपवाद खाडीकाठच्या विहिरी: तिथे एप्रिल-मेमध्ये खारट पाणी आत शिरतं, म्हणून मे आणि ऑगस्ट दोन्ही वेळा मोजा. पावसात पाणी गढूळ होतं आणि गढूळ पाण्यात यूव्हीचा प्रकाश पोचत नाही, त्यामुळे आधी गाळ अडवणारा सेडिमेंट फिल्टर हवाच. पाणी भरून ठेवल्यावर तांबूस पडत असेल तर लोह आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेतून तपासून घ्या आणि मग फिल्टर ठरवा.

डिशवॉशरला पाणी मऊ असल्याचा फायदाच. पाण्याच्या कठीणपणाची सेटिंग सगळ्यात खाली ठेवा, मशीनमध्ये घालायचं मीठ फारच कमी लागेल. सांडपाणी मात्र अळू-केळीच्या आळ्यात सोडू नका, ते कडक क्षारी असतं, शोषखड्ड्यात न्या. पावसात शोषखड्डा तुंबतो आणि पाणी उलटं येतं, म्हणून ड्रेन होज पुस्तिकेत सांगितलेल्या उंचीवर अडकवूनच खाली सोडायचा. माशांचे खवले आणि नारळाचा चव सिंकमध्ये जाऊ नयेत म्हणून बारीक जाळी. खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजतं, तेव्हा थंडीत सिंक तुंबला तर आधी गरम पाणी ओता, ॲसिड नको.

चिमणीबद्दल विचाराल तर वर स्लॅब आहे म्हणून चालेल. कौलाखाली असतं तर एक्झॉस्ट पंखाच घ्या म्हटलं असतं, धूर तसाही कौलांतून जातो. डक्ट सहा इंची, शक्यतो एकच वळण. तोंड नैऋत्येला नको, पाऊस सरळ आत येतो. बाहेर झडप आणि जाळी लावा, नाहीतर गांधीलमाश्या घर करतात.

वेळेचं म्हणाल तर नारळी पौर्णिमेपासून गणपतीपर्यंत आमच्याकडे प्लंबर फोनही उचलत नाही, सगळ्या चाकरमान्यांची कामं एकदम निघतात. गणपतीआधी पाईप, चौथरा, बोल्ट आणि अर्थिंग झालं तरी खूप झालं. मशीनं दिवाळीनंतर मागवा. तोवर टाकी ते नळ उंची आणि टीडीएसचा आकडा इथे लिहिलात तर प्रेशर पंप लागेल की नाही ते सांगता येईल.