जुना टेनर बँजो घेण्याआधी

तू पाहिलेला चार तारांचा टेनर बँजो, म्हणजे वेगा कंपनीचा ट्यूबाफोन, 1920 च्या दशकातला, बॉस्टनचा आहे ना? मग शिंपल्याच्या नक्षीवर लगेच भाळू नकोस, आधी मान बघ. तारांच्या रेषेत नजर लावली की वाक कळतो, आणि तो काढणं महागात पडतं. मान मूळची आहे ना, हेही विचार. पुढे पाच तारांच्या बँजोला मागणी आली आणि कित्येक टेनरच्या मूळ माना काढून फेकून पाच तारांच्या बसवल्या गेल्या. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

मग आतून डोकाव. तोंडावर ताणलेल्या कातड्याखाली चौकोनी पितळी नळी गोल वळवून बसवलेली दिसेल, भोकं पाडलेली. त्या घडणीमुळेच माइक नसतानाही ट्रम्पेटच्या गर्दीत हा बँजो ऐकू जायचा, तरी कर्कश वाटत नाही.

घोडी, म्हणजे कातड्यावर तारा उचलून धरणारी लाकडी पट्टी, चिकटवलेली नसते, नुसत्या तारांच्या दाबावर उभी असते. बाराव्या पडद्यावर दाबलेला स्वर आणि हलक्या स्पर्शाचा स्वर जुळेपर्यंत ती केसभर सरकवत राहा. चार तारा सी-जी-डी-ए या स्वरांना लावताना तारा हलक्याच घे. आणि कातडं मूळचं असेल तर दमट हवेत सैल पडलं म्हणून आवळू नकोस. हवा कोरडी झाली की तेच ताणून फाटतं.