स्विफ्टची १४ इंची चाकं काढून १५ लावू की १६?

प्रश्न थोडक्यात असा: २०१९ची स्विफ्ट व्हीएक्सआय, कंपनीची १४ इंची स्टीलची चाकं, घर ठाण्यात घोडबंदर रोडला कासारवडवलीला, ऑफिस नवी मुंबईत महापेला. दुकानदार १६ची मॅगव्हील (अलॉयची चाकं) घ्या म्हणतोय. १५ घ्यावीत की १६, आणि मायलेज किती पडेल?

१५ घ्या. टायर १८५/६५ आर १५, म्हणजे रुंदी १८५ मिमी, साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) रुंदीच्या ६५ टक्के उंच, रिम १५ इंची. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला, झेडएक्सआयला, कंपनी हीच साइझ देत होती. म्हणजे सस्पेन्शन, स्टिअरिंग पूर्ण किती वळतं ते, फेंडरच्या आतलं प्लास्टिकचं लायनर या सगळ्याचा हिशोब त्या चाकाला धरून आधीच झालेला आहे. कुठल्याही छोट्या गाडीला माझा हाच नियम: दरवाज्याच्या खांबावरच्या स्टिकरवरची साइझ, नाहीतर त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटची. त्यापुढे जायचं कारण फक्त दिसणं असतं, आणि दिसण्यासाठी साइडवॉल घालवायची नसते.

आकडे बघा. रिमचे इंच गुणिले २५.४, अधिक दोन्ही बाजूंची साइडवॉल, हा टायरचा बाहेरचा व्यास. तुमच्या १६५/८० आर १४ची साइडवॉल १३२ मिमी, व्यास ६१९.६. १८५/६५ आर १५ची साइडवॉल १२० आणि व्यास ६२१.५. दोन मिलिमीटरचा फरक, स्पीडोमीटरला कळणारही नाही. आता दुकानदाराचा १९५/५५ आर १६ घ्या. व्यास ६२१च्या आसपास, म्हणून तो छातीठोकपणे सांगतो की 'सेम आहे साहेब'. व्यास सेम आहे, पण साइडवॉल १०७ झाली. रिम आणि खड्ड्याची कड यांच्यामध्ये आज जेवढं रबर आहे, त्यातलं अडीच सेंटिमीटर गेलं. गायमुख घाटात किंवा सायन-पनवेल हायवेवर तुर्भ्याजवळ पावसाळ्यात तेच अडीच सेंटिमीटर तुमचा रिम वाचवतं. विटाव्याच्या पुलाखाली पाणी साचलं की खड्डा दिसतसुद्धा नाही, चाक आत गेल्यावरच कळतं.

गेल्या पावसाळ्यात अशीच एक स्विफ्ट बघण्यात आली. घोडबंदर रोडवरच्या एका दुकानात १६ बाय ६.५चे रिम बसवून घेतलेले, टायर १९५/५५. तक्रारी दोन. ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं, आणि मागे तिघं बसले की स्पीडब्रेकरवर खर्र आवाज येतो. दोनदा बॅलन्सिंग करून झालं होतं, फरक शून्य. गाडी जॅकवर घेऊन चाक काढलं तर फेंडरच्या लायनरवर बोटभर रुंद पट्टा घासून गुळगुळीत झालेला, आणि टायरच्या बाहेरच्या खांद्यावरची अक्षरं पुसट. मग रिम नुसता हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर, टेकवला, नट न लावता. तो वरखाली हलला. स्विफ्टच्या हबचा व्यास ५४.१ मिमी, आणि बाजारातल्या बऱ्याच मॅगव्हीलचं मधलं भोक ७३.१ असतं, म्हणजे एकच रिम वेगवेगळ्या गाड्यांना विकता येतो. मधल्या फटीत ७३.१ ते ५४.१ अशी हब रिंग लागते. ती टाकलीच नव्हती. अशा वेळी रिम मध्यावर धरायचं काम एकट्या नटांवर येतं, रिम केसभर बाजूला बसतो आणि मशीनवर शून्य दाखवणारं चाक गाडीवर थरथरतं. रिंगा टाकल्या, थरथर गेली.

घासणं मात्र रिंगेने जाणार नव्हतं, तो ऑफसेटचा प्रश्न. रिमच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या बाजूपर्यंतचं मिमीतलं अंतर म्हणजे ऑफसेट, म्हणजेच ईटी; तो कमी तितकं चाक बाहेर. रिमच्या आतल्या बाजूला 'ईटी ३८', 'ईटी ४५' असं कोरलेलं असतं. समजा मूळ रिम ५ इंच रुंद, ईटी ४५, नवा ६.५ इंच, ईटी ३८. रुंदी ३८ मिमी वाढली, त्यातली निम्मी, १९ मिमी, बाहेर. ऑफसेट ७ने कमी, तेही बाहेर. एकूण २६ मिमी चाक बाहेर आलं. नुसता फेंडर घासत नाही, बेअरिंगवरचा भारही वाढतो आणि खड्ड्यात स्टिअरिंग हाताला झटके देतं. त्या गाडीचे रिम शेवटी बदलावेच लागले. ज्याने विकले त्याने हे गणित आधी मांडलं असतं तर गिऱ्हाइकाचे पैसे वाचले असते. नट आवळले गेले की काम झालं, असं मानणाऱ्यांशी माझं कधीच जमणार नाही.

तुम्ही १५चा रिम घेताना एवढं बघा. पीसीडी, म्हणजे नटांच्या भोकांचं वर्तुळ, ४ बाय १०० (चार भोकं, वर्तुळाचा व्यास १०० मिमी). रुंदी ५.५ इंच, फार तर ६. ईटी मूळ रिमच्या चार-पाच मिलिमीटरच्या आत. मधलं भोक ५४.१ किंवा बरोबर मापाची रिंग. नट १२ मिमी, १.२५ पिचचे (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर); १.५ पिचचा नट दोन आटे जातो आणि मग हबवरच्या स्टडचे आटे खातो, म्हणून पहिले आटे हातानेच फिरवायचे. नटाची बैठक शंकूची की गोल, हे रिमच्या भोकाशी जुळलं पाहिजे. रिमवर आयएसआयचं चिन्ह हवंच. टायर चढवायच्या आधी नुसता रिम एकदा हबवर लावून फिरवून बघा, ब्रेकच्या कॅलिपरला कुठे लागत नाही ना. मग टायर चढवून, मागे तीन माणसं बसवून, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवायचं. टायर आणि स्ट्रट (सस्पेन्शनचा उभा दांडा) यांच्यामध्ये बोट आरामात गेलं पाहिजे.

आता 'मोठ्या चाकाने ग्रिप वाढते' हे. ग्रिप रबराची असते, रिमची नाही. रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, आणि आपल्याकडे चार महिने रस्त्यावर पाणी असतं. रिमवर घालायचे पैसे चांगल्या कंपनीच्या ताज्या टायरवर घाला. साइडवॉलवरचे शेवटचे चार आकडे बघा: २३२४ म्हणजे २०२४चा तेविसावा आठवडा. दुकानात दोन-तीन वर्षं पडून असलेला टायर डिस्काउंटवर मिळाला तरी नको. लोड इंडेक्सही बघा. तुमचा ८५ म्हणजे एका टायरवर ५१५ किलो, १८५/६५ आर १५ला ८८, म्हणजे ५६०. त्या बाबतीत काळजी नाही.

'क्लिअरन्स वाढतो' म्हणून काही जण १९५/६५ आर १५ घालतात. व्यास ६३४.५ होतो, म्हणजे गाडी उचलली जाते साडेसात मिलिमीटर. बदल्यात घाटात पहिला गिअर जड, आणि शंभर किलोमीटर चाललं की मीटरवर साधारण ९७.७ दिसतात. मायलेज पडलं म्हणून ओरडणाऱ्यांमधले काही इथेच फसतात, पेट्रोल तेवढंच असतं, मोजलेलं अंतर कमी असतं. तुमच्या मायलेजचं विचाराल तर १८५ थोडा रुंद आणि जड आहे, थोडं पडेल. नेमका आकडा कोणी सांगितला तर विश्वास ठेवू नका, तो टायरमधल्या हवेवर आणि ट्रॅफिकवर जास्त ठरतो.

एक राहिलं. वरचं सगळं तुमच्या स्विफ्टसाठी. वॅगनआर असेल तर १५५/८० आर १३वरून १६५/७० आर १४ हा कंपनीचाच रस्ता आहे, व्यास दीड टक्क्याने वाढतो, चालतं. दोन टक्क्यांच्या पुढे कुठल्याच गाडीत जाऊ नका. आणि खरं सांगायचं तर रोजचा घोडबंदर-महापे प्रवास असेल तर १४ची स्टीलची चाकंही वाईट नाहीत: स्टील वाकतं, ठोकून सरळ होतं, मॅगव्हीलला तडा गेला की ते भंगार. तडा गेलेलं वेल्डिंग करून देणारे भेटतील, त्यांच्याकडे जाऊ नका.

जुन्या चार स्टीलच्या चाकांतलं सर्वांत चांगलं स्टेपनीला ठेवा, नट कोणत्या रिमला कोणते ते डिकीत लिहून ठेवा. विमा कंपनीला नव्या रिमची माहिती द्या, नाहीतर क्लेमच्या वेळी अडतं. आणि इम्पॅक्ट गनने नट आवळून पाठवलं तर थांबा, टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळून घ्या, शंभरेक किलोमीटर चालल्यावर परत एकदा.