मार्चमधली तरतूद, जूनमधला खडू

अर्थसंकल्पात शिक्षणाला हजारो कोटी असतात, मग आमच्या शाळेत खडूलाही पैसे का नसतात? (अनुदानित शाळेतील शिक्षिका, हडपसर)

ताई, त्यातले बहुतेक कोटी पगाराचे असतात. शाळांचा खर्च मुख्यतः 2202 'सामान्य शिक्षण' या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या खात्याखाली, दाखवतात आणि त्यात सर्वांत मोठा वाटा वेतनाचा. तो हवाच. खडू, वीजबिल, डागडुजी हे वेतनेतर अनुदानातून भागवायचं असतं. पगार टाळता येत नाही, म्हणून तिजोरीला ओढ लागली की कात्री आधी इथे बसते.

दुसरं असं की विधिमंडळ मंजूर करतं ती 'तरतूद'. शाळेला उपयोग होतो तो 'वितरणा'चा. वित्त विभागाने निधी सोडला, तो खात्यामार्फत खाली आला, तरच कोषागारात बिल पास होतं. कित्येकदा हा निधी मार्चअखेरीस येतो, 31 तारखेपर्यंत खर्च झाला नाही तर परत जातो आणि जूनमध्ये वर्ग भरतात तेव्हा हात रिकामेच असतात. मला अर्थसंकल्पातली हीच गोष्ट सर्वांत जास्त खुपते. 'बीम्स' या सरकारी संकेतस्थळावर तरतूद किती, वितरण किती, खर्च किती हे कुणालाही पाहता येतं. मुख्याध्यापकांना ते आकडे काढायला सांगा आणि ते घेऊनच शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. शिक्षण आयुक्तालय तर आपल्या पुण्यातच आहे.

अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे थोडेच पैसे जमा झाले. बाकीचे बुडाले का? (विद्यार्थी, भोर)

नाही. या शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा 60 टक्के, राज्याचा 40. राज्याने आपला वाटा दिल्यावर केंद्राचा वाटा वेगळा, थेट तुझ्या आधार जोडलेल्या खात्यात येतो. म्हणून आधी ते खातं कोणतं हे बँकेत तपास, मग महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी संकेतस्थळावर दोन्ही हप्त्यांची स्थिती बघ. केंद्राच्या रकमेतली महाविद्यालयाची फी मात्र वेळेत भर. केंद्राची रक्कम येईपर्यंत महाविद्यालय परीक्षेचा अर्ज अडवत असेल तर समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे लेखी तक्रार दे. मुलं इथे घाबरून शिक्षण सोडतात, तसं अजिबात करू नकोस.

आरटीईतून (शिक्षण हक्क कायद्यातून) प्रवेश मिळाला, पण सरकारने पैसे दिले नाहीत म्हणून शाळा आमच्याकडे फी मागते. भरायची का? (पालक, कोथरूड)

भरू नका. शाळेला या फीची प्रतिपूर्ती, म्हणजे भरपाई, देणं कायद्याने सरकारचं काम आहे. महाराष्ट्रात ती एका मुलामागे वर्षाला कमाल 17,670 रुपये ठरली होती. ती थकते, शाळांची अडचण खरी आहे, पण तो हिशेब शाळा आणि सरकार यांच्यातला.

सासऱ्यांना श्रावणबाळ योजनेत दरमहा 1500 रुपये मिळतात. हे केंद्राचे की राज्याचे? (गृहिणी, येरवडा)

त्यांचं नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत असेल तर वयाच्या 79 वर्षांपर्यंत केंद्राचे 200, पुढे 500. उरलेले राज्याचे. यादीत नसेल आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत असेल तर सगळे पैसे राज्य देतं. 21,000 म्हणजे महिन्याला 1750 रुपये. पुण्यात रोज मजुरीला जाणारा एक माणूस घरात असला तरी हा आकडा ओलांडला जातो, आणि खरोखर गरजू म्हातारी माणसं तहसील कचेरीच्या दारातूनच परत फिरतात. रक्कम वाढली, तशी ही मर्यादाही वाढायला हवी.